बारा ग्लास, एक संत्र्याची फांदी : प्रकल्प नोंदी

२ मार्च

मामेबहिणीचं लग्न मे महिन्यात आहे काटोलला आणि मी मागच्या रविवारी सगळ्यांसमोर बोलून बसली की गिफ्ट मी हाताने बनवणार, बारा पाण्याचे ग्लास, त्यावर संत्र्याची फांदी रंगवून. मामाची संत्र्याची बाग आहे म्हणून संत्रा. आई म्हणे मिक्सर दे त्यापेक्षा. पण बोलली ते बोलली.

आज नागपूरच्या इतवारी बाजारात जाऊन १५ ग्लास आणले, बारा आणि तीन एक्स्ट्रा, दुकानदाराने पेपरात गुंडाळून दिले तरी स्कूटीवर येताना प्रत्येक गड्ड्याला जीव वर येत होता. सरळ उभ्या भिंतीचे घेतले, वर रुंद आणि खाली निमुळते मुद्दाम नाही घेतले, कारण निमुळत्या ग्लासात सरळ कापलेला कागद बसतच नाही, डिझाईन तिरकं पळते. नक्षी उठवलेले पण नाही. तळ जाड आहे, हातात वजनदार लागतात. प्रत्येक ग्लासच्या बुडाला मार्किंग पेन्सिलने नंबर टाकला, १ ते १५.

काही वर्षांपूर्वी मी बाटल्या रंगवल्या होत्या, ते काळ्या ट्यूबने आउटलाईन मारायची आणि मधे पारदर्शक रंग सोडायचा, तसं. दिसायला मस्त, खिडकीत ठेवल्या तर चर्चच्या काचेसारखं. पण तो थिनरवाला रंग काचेवर नुसता बसतो, धरत नाही. एक ग्लास तसाच करून वापरायला काढला होता तर चौथ्या धुण्यात दुधावरची साय निघावी तसं आख्खं फूल निघून हातात आलं. शोपीसला तो रंग ठीक, रोज घासायच्या ग्लासला भाजायचा रंगच पाहिजे. हे लिहून ठेवते कारण मला विचारतात सगळे की एवढा महाग रंग कशाला.

५ मार्च

रंग आले. पेबिओ कंपनीचे विट्रिया १६०, फ्रान्सचे, ४५ मिलीच्या बाटल्या. नावातच तापमान आहे, १६० डिग्रीवर ४० मिनिटं भाजायचं. पाण्यात मिसळणारे आहेत, म्हणजे ओला असेपर्यंत पाण्याने पुसता येतो, भाजला की पक्का. केशरी, पिवळा, दोन हिरवे, पांढरा, तपकिरी एवढेच घेतले. बाकी मिक्स करू.

बाटलीवरच्या सूचना दोनदा वाचल्या. रंगवून झाल्यावर २४ तास वाळू द्यायचं, मग थंड ओव्हनमधे ठेवून मग ओव्हन चालू करायचा, १६० झाल्यावर ४० मिनिटं मोजायची, आणि आतच गार होऊ द्यायचं. सोपं वाटते वाचायला.

माझा एक नियम, तो बाटलीवर असो नसो: रंग फक्त बाहेरून, आणि काठापासून दोन सेंटीमीटर मोकळे. ओठ लागतो तिथे रंग नको. ग्लासच्या काठाखाली मास्किंग टेपची एक पट्टी फिरवली की भानगडच नाही.

८ मार्च

फांदीचं चित्र कागदावर काढलं. तीन पानं, दोन फुलं, एक पिकलेलं संत्रं. कागद ग्लासच्या आत घालून बाहेरून गिरवायचं. कागद आत सारखा घसरत होता, सेलोटेप लावला तरी भिंतीला चिकटून राहत नव्हता, मग सुचलं आणि ग्लासात ज्वारी भरली. वाटीभर ज्वारीने कागद असा दाबला जातो की हलत नाही, आणि वरून ग्लास जड झाल्याने टेबलावर पण पक्का बसतो. आईला ज्वारी परत डब्यात टाकायच्या आधी चाळून देते म्हटलं तेव्हा ती थोडी शांत झाली.

एक गोष्ट कळली. काच तीन मिलिमीटर जाड आहे, कागद आत आहे आणि ब्रश बाहेर, त्यामुळे डोकं जरा इकडेतिकडे केलं की रेघ सरकते. एक डोळा बंद करून, ग्लास डोळ्याच्या सरळ समोर धरून, जेवढा भाग नाकासमोर आहे तेवढाच गिरवायचा, मग ग्लास फिरवायचा. मान नाही फिरवायची.

९ मार्च

बाबा आले पाहायला. बाबा पेंटर होते, दुकानांच्या पाट्या लिहायचे, महालमधे, गांधीबागेत, फ्लेक्स यायच्या आधीचं सगळं. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या काचेवर आतून उलटं नाव लिहायचं कामही ते करायचे. दहा मिनिटं माझ्यामागे उभे राहिले काही न बोलता, मग म्हणाले, "हात कुठे टेकून राहिली तू? ओल्या रंगावर?"

आत गेले आणि माळ्यावरून काठी काढून आणली. दोन-अडीच फुटांची, एका टोकाला कापडाचा गोळा, त्यावर चामडं बांधलेलं. ती डाव्या हातात आडवी धरायची, गोळा टेबलाच्या कडेला पुस्तकांच्या थप्पीवर टेकवायचा आणि उजवं मनगट काठीवर. मनगट हवेत, पण हलत नाही. वीस वर्षं माळ्यावर होती ती काठी. चामड्यावर अजून लाल रंगाचा ठिपका आहे.

मग पान. मी पानाची आउटलाईन काढून आत भरत होती, शाळेतल्यासारखं. बाबांनी चपटा ब्रश घेतला, एका कोपऱ्याला गडद हिरवा, दुसऱ्याला पोपटी, फरशीच्या तुकड्यावर दोनदा पुढेमागे केला म्हणजे मधे दोन्ही रंग मिसळतात, आणि काचेवर टेकवला. "दाबलं, वळवलं, उचललं." एका फटक्यात पान झालं, एक बाजू गडद एक फिकी, टोक अणकुचीदार. काच म्हणजे गुळगुळीत पाटीच आहे म्हणे, कागदावर ब्रश अडतो, इथे घसरतो, म्हणून दाब अर्धाच द्यायचा.

माझी पहिली वीस पानं गोगलगायीसारखी झाली. ओल्या कापडाने पुसायची आणि परत. फुकटची काच, हे चांगलं आहे.

१० मार्च

रंग काही ठिकाणी गोळा होऊन मागे सरकत होता, मेणावर पाणी पडावं तसं. बोटांचं तेल. भांड्याच्या साबणाने धुवून भागत नाही, सकाळी साधा वरण-भात खाऊन हात धुतले तरी ग्लास धरला की ठसा उमटतो. आता मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते आणि नंतर आत हात घालून, बोटं फाकवून, आतूनच धरते. बाहेरून बोट लावायचंच नाही.

१४ मार्च

मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मोठ्या कौतुकाने. मामाने चष्मा लावला, फोन डोळ्याजवळ घेतला आणि म्हणाला, "अवं माय, हे काय काढलं तू? फूलबी अन् पिकलेलं संत्रंबी एकाच डाहाळीवर? काहून?"

मग अर्धा तास क्लास. बहार म्हणजे झाड फुलायचा हंगाम. आंबिया बहाराला फुलं येतात जानेवारी-फेब्रुवारीत, फळ तोडायला येते नोव्हेंबर-डिसेंबरात. मृग बहाराचं फूल जून-जुलैचं, ते फळ फेब्रुवारी-मार्चमधे. म्हणजे फेब्रुवारीत झाडावर मृगाचं पिकलेलं फळ आणि आंबियाचं फूल एकत्र दिसू शकते, मी वाद घातला, इंटरनेटवर वाचून. मामा म्हणे दिसू शकते ना, पण आपण दोन्ही बहार घेत नाही, झाड खचते. एका बहारासाठी पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की एकदम फुलते. "माह्या पोरीच्या लग्नात खचलेलं झाड देतं काय?"

आणि अजून दोन चुका. फूल मी सहा पाकळ्यांचं काढलं होतं, पाकळ्या पाच असतात, जाडसर, मेणासारख्या. आणि पान थेट फांदीला चिकटवलं होतं, तर देठाला पानाच्या खाली दोन बाजूंना अगदी बारीक पंख असतात संत्र्याला, लिंबूवर्गातल्या झाडांची ती ओळखच आहे, काहींना मोठे, संत्र्याला बारके. फळ पण मी चेंडू काढला होता. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, देठाशी थोडी वर उचललेली, मानेसारखी. जीआय टॅग, म्हणजे त्या भागाच्या मालाचं अधिकृत मानांकन, २०१४ मधे मिळाला म्हणे आपल्या संत्र्याला, आणि तू मोसंबी काढून राहिली.

राग आला पण खरं होतं. म्हणून आता सहा ग्लास आंबियाचे, नुसती फुलं आणि कोवळी पानं, आणि सहा फळांचे. सेट पण जास्त छान दिसेल. मामाला हे सांगितलं नाही अजून.

२१ मार्च

फळाचा टेक्श्चर जमला आणि तो चुकून जमला. ब्रशने केशरी भरला की ब्रशच्या रेघा दिसतात, उजेडात धरला तर जास्तच. भांडे घासायच्या नव्या स्पंजचा नखाएवढा तुकडा कापून रंगात बुडवून, आधी कागदावर टिपून, मग टप टप लावला तर साल होते ती. खरोखर सालीवरचे बारीक खड्डे दिसतात. एक थर पातळ, तासाभराने दुसरा, सावलीच्या बाजूला थोडा तपकिरी मिसळून. घाई करून जाड थर एकदम लावला की भाजताना बुडबुडे येतात असं वाचलं होतं, तर पातळच.

१३ नंबरवर पूर्ण डिझाईन केलं, हा बळीचा बकरा.

२३ मार्च

पहिलं भाजणं. आमचा ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, २८ लिटरचा, नानखटाई आणि पिझ्झ्याशिवाय काही केलं नाही त्यात. बटण १६० वर. चाळीस मिनिटांनी काचेतून पाहिलं तर पांढरी फुलं चहासारखी झाली होती. आणि केशरीवर पण मळकट झाक.

दोष बटणाचा आहे. ओव्हनमधे ठेवायचा छोटा थर्मामीटर शेजारच्या काकूंकडून आणला (त्या केक विकतात) आणि रिकामा ओटीजी चालवून पाहिला. बटण १६० वर, आत १८५. बटण १४० च्या जरा खाली ठेवलं तेव्हा कुठे १६० ला स्थिर झालं. शिवाय वरच्या रॉडच्या जवळ जास्त तापते. ग्लास खालच्या जाळीवर ठेवायचे आणि एका वेळी चारच. कमी भाजलं तर धुण्यात निघते, जास्त भाजलं तर करपते, आणि रंग गेलेला परत येत नाही. ज्यांच्याकडे ओटीजी आहे त्यांनी बटणावर विश्वास ठेवू नका, एवढं फक्त ऐका माझं.

२४ मार्च

१३ नंबर फेकायचा नव्हता म्हणून त्यात पाणी घेऊन प्यायली. आणि पितापिता दिसलं की ग्लासच्या पलीकडच्या भिंतीवरची फांदी मला आतून दिसून राहिली आहे, तिची पाठ. आणि पाठ घाणेरडी होती. पानाखाली जिथे चुकून केशरी लागला होता आणि मी वरून हिरवा फिरवून झाकला होता तिथे आतून केशरी धब्बा. फुलाच्या मध्यावर पिवळं बाहेरून छान, आतून नुसता पांढरा गोळा.

बाबांना दाखवलं तर हसले. "उलटी पाटी आहे ना ही." दवाखान्याच्या काचेवर आतून लिहिताना लोक बाहेरून पाहतात, म्हणजे जे सगळ्यात वर दिसायला पाहिजे ते सगळ्यात आधी लावायचं, आधी अक्षराची बारीक चमक, मग अक्षर, मग सावली, शेवटी मागचा रंग. चूक झाली तर वरून झाकता येत नाही, कारण वर काही नाहीच. पूर्ण पुसून परत. आणि ग्लास तर दोन्हीकडून पाहतात, पाहुण्याला समोरून दिसते आणि पिणाऱ्याला मागून.

तर आता फुलाचा पिवळा मध्य दोनदा. आधी काचेवर पिवळे ठिपके, ते वाळले की वरून पांढऱ्या पाकळ्या, आणि मग बाहेरून परत पिवळे ठिपके त्याच जागी. संत्र्याचं पण तसंच, सावलीचा थर आतून पण यावा म्हणून आधी एका बाजूला तपकिरी-केशरी टिपायचा. काम दीडपट झालं. पण १४ नंबर असा करून, पाणी भरून, खिडकीसमोर धरून पाहिला आणि खरं सांगते, पाण्यातून तो फुलांचा गुच्छ मोठा होऊन दिसतो, भिंगासारखा. बाबा बराच वेळ फिरवून फिरवून पाहत होते.

२८ मार्च

१४ भाजला, नीट, १६० वर. पांढरा पांढरा राहिला. आता त्याची खरी परीक्षा, रोजच्या भांड्यांत टाकला. भांडी घासायला येतात त्या मावशींना मुद्दाम काही सांगितलं नाही.

६ एप्रिल

ऊन सुरू. दुपारी ४० च्या वर. रंग ब्रशवरच वाळून राहिला, पान अर्ध्यात खरखरीत होते. पंखा लावला तर अजून लवकर वाळते आणि धूळ येऊन चिकटते, कूलर लावला तर हवा इतकी दमट होते की रंग दुसऱ्या दिवशी पण नखाला लागतो. शेवटी टाइमटेबल बदललं, पहाटे साडेपाच ते आठ, पंखा बंद, खिडकी उघडी. वाळायला ग्लास स्टोअर रूममधे, तिकडे कूलरची हवा जात नाही, वरून उलटं टोपलं झाकलं धुळीसाठी. आणि रंग थेट ताटलीत न काढता स्टीलच्या डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, झाकण लावून. सकाळभर ओला राहतो.

पहाटे कोकिळा ओरडून राहते सारखी आणि बाबा चहा घेऊन येतात. आता ते पण रंगवतात. सहा ग्लास त्यांचे आहेत खरं तर. त्यांचा हात थोडा थरथरतो रेघेला, काठीवर टेकला की नाही थरथरत.

१२ एप्रिल

१ ते ४ भाजले. तीन छान. ४ नंबर गेला, आणि चूक माझी. थर्मामीटर ११० दाखवत होता, मला पाहायची घाई, दार उघडलं, फडक्याने धरून काढला आणि ओट्यावर ठेवला. ओटा ग्रॅनाईटचा, नुकताच पुसलेला, ओला. टच् असा आवाज आला, मोठा पण नाही, आणि तळाभोवती गोल चीर. फुलांचा होता, बाबांचा.

साधी काच तापमानाला बोरोसिलिकेटपेक्षा जास्त पसरते. एक मीटर काच एका डिग्रीला साधारण ९ मायक्रॉन वाढते, बोरोसिलिकेट ३.३, म्हणून प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राला चालते ते आपल्या ग्लासला चालत नाही. जाड तळ खालून गार झाला आणि वरचा भाग गरमच राहिला, तर काच स्वतःलाच ओढते. हे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

बाबा काही बोलले नाही. १५ नंबर घेऊन बसले पहाटे. आता एकही एक्स्ट्रा नाही.

१९ एप्रिल

५ ते ८ झाले. रात्री भाजले आणि ओटीजीला हात न लावता झोपली, सकाळी काढले. हाच उपाय आहे, झोपायचं.

मावशींचा निकाल: आज त्या म्हणाल्या, "ताई, या ग्लासावरचा डाग निंगतच नाही ना वं, तारेनं घासून राहिली चार दिवसापासून." म्हणजे त्या फुलाला डाग समजून राहिल्या होत्या! मी आधी हसली मग पळत जाऊन ग्लास पाहिला. एका पाकळीचं टोक पुसट झालं आहे, जिथे रंग पातळ होता. बाकी जसंच्या तसं. एवढी कडक टेस्टिंग कुठल्या कंपनीत पण होत नसेल.

२६ एप्रिल

शेवटचे चार, ९, १०, ११, १२, आणि त्यांच्यासोबत १५ पण घुसवला कारण तो एकटाच राहत होता, जाळीवर मधे जागा केली. १६० झालं, मोजायला सुरुवात केली, बावीस मिनिटं झाली आणि लाईट गेली.

कुठे फोन लावायचा, कोण उचलते. बाबा म्हणाले दार उघडू नको फक्त. ओटीजीसमोर मेणबत्ती लावून बसलो दोघं, हातपंख्याने वारा घेत, पाहुण्यासमोर बसावं तसं. पावणेदोन तासाने लाईट आली तोपर्यंत आत सगळं गार. बावीस मिनिटं धरून उरलेली अठरा द्यायची का? बाबा म्हणाले, पोळी अर्धी भाजून गार झाली तर परत पूर्णच शेकतो ना आपण. पूर्ण ४० मिनिटं परत दिली. काळजी पांढऱ्याची होती, पण तो ठीक आहे, इतर सेटपेक्षा किंचित उबदार, शेजारी ठेवून पाहिलं तरच कळेल. मामाला कळेल.

३ मे

पॅकिंग. प्रत्येक ग्लासला आतून पेपर, बाहेरून कपडा, खोक्यात मधे पुठ्ठ्याचे खण. सोबत चिठ्ठी लिहिली, मऊ स्पंजने धुवायचे, रात्रभर पाण्यात भिजत नाही ठेवायचे, तार नाही लावायची. आणि खाली: फुलं आंबियाची आहेत, फळं वेगळ्या झाडाची.

१० मे

मामाने मांडवातच खोकं उघडलं. एक फुलाचा काढला, एक फळाचा. देठ पाहिला. बोटाने फिरवून पाकळ्या मोजल्या, तोंडातल्या तोंडात. मग फळाचा ग्लास स्वतःकडे ठेवला आणि त्यात पाणी मागितलं.

नवऱ्या मुलाकडची एक काकू विचारून राहिली होती, ऑर्डर घेता का, कितीला देता एक. मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "एका ग्लासला दोन सकाळी लागतात." काकूला कळलं नाही, भाव सांगा ना म्हणे.

१८ मे

१४ नंबर अजून सिंकमधे आहे. काल दुसऱ्या पाकळीचं टोक गेलं. मावशींना मी सांगितलं की ते फूल आहे, तर आता त्या तो ग्लास सगळ्यात शेवटी, वेगळा, नुसत्या हाताने धुतात, त्यामुळे टेस्ट संपल्यातच जमा आहे.

बाबांनी आज काठीवरचं चामडं बदललं. इतवारीतून ग्लास आणायला जायचं म्हणतात, पण ऊन उतरल्यावर.